लॅपटॉपला नेटवर्कमॅनेजर, सर्व्हरला नेटवर्कडी: निर्णय झाला

माझ्या लॅपटॉप आणि सर्व्हर या दोन्ही लिनक्स मशीनवर नेटवर्क सांभाळणारा एकच प्रोग्राम चालवायचा विचार मी सोडून दिला. लॅपटॉप सतत जागा बदलतो, सर्व्हर जागचा हलत नाही. मग नेटवर्क सांभाळणाराही वेगवेगळा हवा, हे आता पक्कं पटलंय.

लॅपटॉपवर नेटवर्कमॅनेजर. नवं वायफाय, फोनचं टेदरिंग, व्हीपीएन, सगळं त्याच्या एनएमसीएलआय कमांडने टर्मिनलवरूनच होतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मेट्रिकची, म्हणजे ट्रॅफिकच्या वाटेला (रूटला) दिलेल्या प्राधान्याच्या आकड्याची: केबलच्या रूटला नेटवर्कमॅनेजर साधारण 100 देतो, वायफायला 600. आकडा कमी, त्याला प्राधान्य. त्यामुळे केबल लावली की ट्रॅफिक आपोआप तिकडे वळतो आणि वायफाय बंद करावं लागत नाही. वायफायची जोडणी प्रत्यक्ष करणाऱ्या डब्ल्यूपीए सप्लिकंट या प्रोग्रामऐवजी त्याच कामाचा आयडब्ल्यूडी बसवला. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिगमध्ये बॅकएंडची एक ओळ पुरते. सप्लिकंटची सर्व्हिस मात्र बंद हवी, आणि आयडब्ल्यूडीला स्वतः आयपी घ्यायची मुभा देऊ नये. ते काम नेटवर्कमॅनेजरचं. एका इंटरफेसला (वायफाय कार्ड किंवा केबलच्या पोर्टला) एकच धनी, नाहीतर दोघेही डीएचसीपीने आपोआप मिळणारा पत्ता मागतात आणि रूट एकमेकांवर चढतात.

सर्व्हरवर सिस्टमडी-नेटवर्कडी, म्हणजे लिनक्सवरच्या सर्व्हिसेस चालवणाऱ्या सिस्टमडीचाच नेटवर्क सांभाळणारा भाग. चार-पाच ओळींची डॉट नेटवर्क फाईल: कुठला इंटरफेस, कुठला पत्ता, गेटवे, डीएनएस. शेवटची ओळ रिझॉल्व्हडी (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा सिस्टमडीचा भाग) चालू असेल तरच उपयोगी. फाईलच्या नावाआधी आकडा जरूर द्या, कारण फायली नावाच्या क्रमाने तपासल्या जातात आणि जुळणारी पहिलीच लागू होते. सगळ्या इंटरफेसना जुळणारी ढोबळ फाईल आधी आली तर नेमकी फाईल लागूच होत नाही. कुठली लागली, ते नेटवर्कसीटीएल स्टेटस ही कमांड दाखवते.

सर्व्हर सुरू होताना (बूट) रखडायचा, त्याचं कारणही कळलं. मशीनला दोन पोर्ट, केबल एकाच पोर्टला, आणि दोन्ही नेटवर्कडीच्या ताब्यात. नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबणारी वेट-ऑनलाइन सर्व्हिस रिकाम्या पोर्टचीही वाट बघते, मूळ सेटिंगनुसार थेट 120 सेकंद. त्या पोर्टच्या फाईलमध्ये 'रिक्वायर्ड फॉर ऑनलाइन' नो केलं आणि बूट सुरळीत झालं. सर्व्हिसच बंद करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. नेटवर्कवर अवलंबून असलेल्या बाकी सर्व्हिसेसना तिचा आधार असतो.

पुढचं काम: वायरगार्ड हा व्हीपीएन, तोही नेटवर्कडीच्याच, आभासी इंटरफेस बनवणाऱ्या डॉट नेटडेव्ह फाईलमधून. त्यात प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) असणार, म्हणून फाईल रूट यूझरच्या (अ‍ॅडमिनच्या) मालकीची, सिस्टमडी-नेटवर्क ग्रुपची आणि परवानगी 0640, म्हणजे मालक लिहू-वाचू शकतो, ग्रुप फक्त वाचू शकतो, बाकी कुणी नाही.