दिवाडी आणि चोडण ऑगस्टअखेर: पाऊस बघून आखलेली ट्रिप

गोव्याला कधी यावं असं कुणालाही विचारा, डिसेंबर हेच उत्तर मिळणार. बीच, शॅक, वॉटरस्पोर्ट्स एवढंच करायचं असेल तर ते बरोबरही आहे. पण मांडवी नदीतली बेटं बघायची असतील, म्हणजे दिवाडी आणि चोडण, तर माझं ठाम मत आहे की ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस सगळ्यात भारी. मी डिचोलीची, माझी सांगलीची मावशी, मावसभाऊ, त्याची बायको आणि दोन मुलं आमच्याकडे आली होती, मुलांना बेट म्हणजे काय ते बघायचं होतं आणि मावशीला सप्तकोटेश्वराचं दर्शन घ्यायचं होतं, तर दोन्ही एका रस्त्यावर बसवून ही ट्रिप केली. सविस्तर लिहितेय कारण पावसाळ्यात गोवा म्हटलं की लोक एकतर घाबरतात नाहीतर काहीच चौकशी न करता येऊन रूममध्ये अडकून बसतात.

आधी पावसाचं गणित समजून घ्या. मान्सून गोव्यात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जातो, पण हे चारही महिने सारखे नसतात. पणजीचे सरासरी आकडे बघितले तर जून आणि जुलै दोन्ही ९०० मिलिमीटरच्या आसपास किंवा वर, ऑगस्ट ५०० च्या आसपास आणि सप्टेंबर त्याच्याही निम्मा. म्हणजे जुलैत आलात तर धो धो पाऊस दिवस दिवस थांबतच नाही, आणि ऑगस्टअखेर तोच पाऊस सरीवर सर असा येतो, एक जोरदार सर, मग तास दोन तास लख्ख ऊन, मग परत काळं. हिरवळ मात्र तीच, उलट शेतं तेव्हा जास्त भरलेली असतात. मधेच बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की इकडे किनाऱ्यावर पाऊस परत जोर धरतो, म्हणून महिनाभर आधी अंदाज बघून काही उपयोग नाही, निघायच्या चार पाच दिवस आधीपासून हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघत राहा. यलो असेल तर बिनधास्त या, ऑरेंज असेल तर त्या दिवशी देऊळ चर्च घर असं काहीतरी छपराखालचं ठेवा, रेड असेल तर फेरीच्या नादी लागू नका.

आमचं पण तसंच झालं, पहिल्या दिवशी ऑरेंज होता म्हणून बेट दुसऱ्या दिवसावर ढकललं आणि तो दिवस घरीच घालवला, मुलं जरा हिरमुसली पण एक दिवस मोकळा हातात ठेवलेला होता म्हणून कसलीच धावपळ झाली नाही. पावसाळ्यातल्या ट्रिपला हा मोकळा दिवस पाहिजेच पाहिजे, त्याच्याशिवाय बुकिंग करूच नका.

डिचोलीकडून येणाऱ्याला सगळ्यात सोयीचा रस्ता म्हणजे नार्वे. तिथं सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे, मूळ देऊळ पलीकडे दिवाडी बेटावर होतं, कदंब राजांचं दैवत, पोर्तुगीजांनी ते पाडलं आणि शिवाजी महाराजांनी १६६८ साली नार्व्यात ते परत उभं करायला लावलं. गोवा सरकारने त्याचा जीर्णोद्धार केलाय, २०२३ मध्ये ते परत खुलं झालं. मावशी तिथं बराच वेळ बसली, बाहेर पाऊस आणि आत एकदम गारवा. महाराजांचं नाव ऐकल्यावर मुलंही हलेनात, भाच्याचे प्रश्न संपेनात.

देवळापासून पुढं नार्वे धक्का, तिथून फेरीबोटीने दिवाडी. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती, आणि उतारावरच्या चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा मासा चालताना बघितला! पुढच्या दोन पंखांवर रेटा देत सरकतात, डोळे डोक्यावर फुगीर, जवळ गेलं की टुणकन बिळात. बाजूला एकच नांगी मोठी असलेले बारके खेकडे, ती नांगी सारखी वरखाली हलवत बसलेले. अर्धा तास तिथंच गेला, एक फेरी सोडली आम्ही त्यासाठी. तुम्ही मुलांना घेऊन येणार असाल तर भरती ओहोटीची वेळ बघून ओहोटीला धक्क्यावर पोचा, हे फुकटात बघायला मिळतं आणि कुठल्याही टूर पॅकेजमध्ये नसतं. अमावास्या पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त खाली जातं त्यामुळे चिखलही जास्त उघडा पडतो. फक्त त्या उतारावर शेवाळ असतं, मुलांचा हात सोडू नका.

फेरीचं थोडं सांगते. दिवाडीला तीन बाजूंनी फेरी आहे, नार्वे, ओल्ड गोवा आणि रायबंदर. चोडणला जायचं तर रायबंदरहून. नदी परिवहन खात्याच्या बोटी आहेत, गाडीसकट जाता येतं. वारा फार सुटला किंवा नदीला ओढ जास्त असली की फेरी थांबते, त्यामुळे परतीच्या ट्रेनच्या दिवशी बेटावरून निघून धावत स्टेशन गाठायचा प्लॅन करू नका, आदल्या रात्रीच अलीकडे येऊन राहा. रात्रीची शेवटची फेरी किती वाजता ते उतरतानाच बोटीवरच्या माणसाला विचारून घ्या.

दिवाडीवर करायचं काय, तर खरं सांगायचं म्हणजे फिरायचं. स्कूटरने हळूहळू. दोन्ही बाजूला खाजन शेती, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांनी भरती ओहोटीचं पाणी आत बाहेर करून राखलेली भातशेती, पावसाचं गोड पाणी जमिनीतलं मीठ धुऊन काढतं म्हणून भात पावसाळ्यातच होतो. डिसेंबरात आलात तर हीच शेतं कापणी होऊन सुकलेली दिसतील. मानशीच्या दाराशी एक म्हातारे काका जाळं लावून बसले होते, मावसभावाने त्यांना इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यांनी जाळं वर ओढून दाखवलं, आत बारकी कोळंबी आणि दोन काळुंद्रं मासे.

मग पियेदादची टेकडी, वर चर्च आहे आणि तिथून मांडवीच्या पलीकडे ओल्ड गोव्याची चर्चेस झाडीतून वर आलेली दिसतात. आम्ही वर पोचलो आणि पावसाने गाठलं. खाली एका दुकानाच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, उभे राहिलो तर दुकानातल्या बाई म्हणाल्या, "रावात मातशे, पावस वतलो", म्हणजे थांबा जरा, पाऊस जाईल, आणि खरंच वीस मिनिटांत ऊन. ऑगस्टअखेरचा पाऊस असाच असतो, त्याच्याशी भांडायचं नाही, चहा घ्यायचा. आम्ही तेच केलं.

चोडणला त्याच्या पुढच्या दिवशी गेलो. सलीम अली पक्षी अभयारण्य रायबंदरच्या फेरीतून उतरल्यावर लगेच आहे, खारफुटीचं जंगल, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर. पक्षी हा मुख्य उद्देश असेल तर आत्ता येऊ नका, बाहेरून येणारे पाहुणे पक्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असतात, तेव्हाच या. आम्हाला खंड्या आणि बगळे दिसले, मुलांना तेवढं पुरलं, मावशी मात्र डासांनी हैराण झाली. ओडोमॉस न्याच.

तारखांबद्दल दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेराम असतो, वाड्यावाड्यांच्या जुन्या हद्दीच्या भांडणाची आठवण म्हणून झेंडे, मिरवणूक, जोरदार गर्दी. बघायचाच असेल तर अवश्य या पण गाडी ओल्ड गोव्यालाच ठेवून चालत फेरीत चढा. आम्ही बरोबर म्हातारं माणूस आणि मुलं म्हणून तो शनिवार गेल्यावर गेलो. दुसरं म्हणजे चवथ. गणेश चतुर्थीला गोव्यातला माणूस आपापल्या मूळ घरी जातो, खानावळी दुकानं बंद असतात, टॅक्सीवाले मिळत नाहीत. कुणाच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची सजावट, बघायला आमंत्रण असेल तर यासारखं सुख नाही, नसेल तर ते दिवस सोडून या.

मासे खाणाऱ्यांसाठी, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, म्हणून ऑगस्ट उजाडल्यावर ताजा बांगडा परत दिसायला लागतो, हेही जुलै टाळायचं एक कारण. समुद्रात मात्र अजिबात उतरायचं नाही, ऊन पडलेलं असलं आणि पाणी शांत वाटलं तरी आतली ओढ भयंकर असते, लाल बावटा दिसला की विषय संपला. ग्रांदे आयलंडचं स्नॉर्कलिंग, दूधसागरची जीप हे सगळं तेव्हा बंद असतं, त्यासाठी ऑक्टोबरनंतर या. स्वस्तात मे महिना मिळतो म्हणून बरेच जण येतात, त्यात उकाडा आहेच पण अरबी समुद्रातली चक्रीवादळंही मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर याच काळात येतात, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा इकडे झाडं पडून कितीतरी गावं अंधारात होती.

सामानात जाड कॉटन आणू नका, वाळत नाही. छत्रीपेक्षा पॅन्टसकटचा रेनकोट, मागे पट्टा असलेल्या सँडल, कारण चिऱ्याच्या पायऱ्या शेवाळाने गुळगुळीत झालेल्या असतात, टॉर्च, थोडी कॅश. रूम घेताना फोन करून इन्व्हर्टर आहे का आणि बाहेर बसायला छप्पर असलेली जागा आहे का हे दोनच प्रश्न विचारा, एसीचं नंतर बघा. स्कूटर भाड्याने घेतलीत तर काळी पाटी पिवळे आकडे असलेलीच घ्या, हेल्मेट मागून घ्या. कोकण रेल्वेने येणार असाल तर पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, तिकिटावरची वेळ तीच धरून पुढची कनेक्टिंग बस घेऊ नका. आंबोलीने गाडी घेऊन येणाऱ्यांनी शनिवार रविवार टाळा, धबधब्यापाशी ट्रॅफिक तासन् तास अडकतं, आणि घाट उजेडीच उतरा.