मंगळवारची पहिली शिफ्ट

डायलिसिसला मंगळवार-गुरुवार-शनिवारवाल्या पेशंटांचा मंगळवार वाईट. शनिवारनंतर दोन दिवस मशीन नाही, पाणी आणि पोटॅशियम अंगात साठत जातं. त्या मंगळवारी गोराईच्या मावशी येणार नाहीत असं आम्ही धरूनच चाललो होतो. रविवारी त्यांचा मुलगा गेला, हार्ट अटॅकने. सोमवारी माती झाली. आणि मंगळवारी पहाटे बोटीने खाडी ओलांडून मावशी बोरिवलीत हजर. हातात रोझरी, ख्रिस्ती लोकांची जपमाळ.

ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी नसतानाचं वजन, 52 किलो. काटा 55.8. मयताच्या घरी कुणीकुणी शहाळी पाजली होती. शहाळ्यात पोटॅशियम किती असतं हे सांगून सांगून माझा घसा बसला, पण नातेवाइकांचं "नारळपाणीच तर आहे" काही सुटत नाही.

मी म्हणत होतो 2.7 लिटर पाणी काढू. तासाला किलोमागे 13 मिली, त्यापुढे हृदयावर ताण येतो. 52 किलोला चार तासांत तेवढंच बसतं. उरलेलं बुधवारी जादा सेशन लावून. ड्यूटी डॉक्टर फोनवरूनच म्हणाले, "3.5 काढ, बुधवारी बेड नाही." टेक्निशियनचं गणित कोण ऐकतं!

डाव्या हातातल्या फिस्टुलावर, म्हणजे धमनीला जोडलेल्या शिरेवर, बोट ठेवून थ्रिल, रक्ताची थरथर, पाहिली. दोन सुया टाकल्या. डावा हात चार तास हलवायचा नाही, म्हणून माळ उजव्या हातात. "मावशी, आज जरा पडून राहा." तर म्हणाल्या, "आज मंगळवार. दुःखाचीच रहस्यं हायत." रोझरीची रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, वारानुसार ठरलेली असतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलेलं. मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची पाच, गेथशेमाने बागेपासून क्रुसापर्यंत, प्रत्येकाला दहा मणी, मण्यामागे एक 'नमो मरिया'. एरवी एकदा म्हणून झोपायच्या. त्या दिवशी संपली की पुन्हा पहिल्यापासून. सिस्टर म्हणाल्या, आवाज कमी करायला सांग. मी नाही सांगितलं.

मध्येच मावशी मला म्हणाल्या, "देवाशी नाय बोलत मी. राग हाय त्याच्यावर. मरियेशी बोलते. तिनं पोरगा पुरलाय, तिला समजावून सांगाया लागत नाय."

तिसऱ्या तासात मी शेजारच्या मशीनचा अलार्म बघत होतो. बीपीचा कफ अर्ध्या तासाने फुगतो. पुढच्या वेळेला अजून अठरा मिनिटं होती. मागे 'नमो मरिया' थांबलं. झोपल्या असतील, असं कुणालाही वाटलं असतं. पण दहा पुरे केल्याशिवाय मावशी थांबत नाहीत. वळलो. कपाळावर घाम, ओठ पांढरे, बीपी 70/40. यूएफ, म्हणजे पाणी काढणं, शून्यावर, पाय वर, सलाईन 200 मिली. पाच मिनिटांत वरचं 100 झालं.

डोळे उघडून पहिला प्रश्न, "कुठं होते मी?"

मला वाटलं, भ्रम झाला. मग चादरीवर पडलेली माळ दिसली.

"चौथं रहस्य. सहा झालेत," मी म्हणालो.

मी मोजत होतो, हे मलाही तोवर माहीत नव्हतं. आमच्याकडे आजीची 108 मण्यांची तुळशीमाळ आहे, तिला कधी हात लावलेला नाही मी.

2.4 लिटरवर थांबलो. बुधवारचा बेड मग निघालाच. बुधवारची रहस्यं गौरवाची असतात. मावशी मात्र मंगळवारचीच म्हणत होत्या.