शीटवर बारा, हजर सात

बास्केटबॉलच्या स्कोअरशीटवर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक छोटा चौकोन असतो. खेळाडू त्या सामन्यात पहिल्यांदा कोर्टवर उतरला की तिथे फुली मारायची. सुरुवातीच्या पाचजणांच्या फुलीभोवती गोल काढायचा. जो उतरलाच नाही, त्याचा चौकोन कोरा. बघणाऱ्यांचं लक्ष गुणांवर असतं. मी मात्र एखाद्या कोचचा अंदाज घ्यायचा असेल तर आधी तो फुल्यांचा रकाना बघते.

मी मुंबईतल्या स्थानिक सामन्यांना स्कोअर लिहायला टेबलवर बसते. पूर्वी खेळायचे, गुडघा गेला, मग टेबल ऑफिशियलची परीक्षा दिली. लाल आणि निळं अशी दोन पेनं, फाउलच्या आकड्यांच्या पाट्या, पझेशनचा बाण आणि चहा एवढा आमचा संसार. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईत, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या. मानधन किती ते विचारू नका, लोकल आणि रिक्षातच जातं. पण दोन्ही संघांचे बेंच आमच्या डाव्या-उजव्या हाताला असल्यामुळे टाइमआउटमध्ये काय चाललंय ते न ऐकण्याचं नाटक करत सगळं ऐकता येतं.

लीग अर्ध्यावर आली होती आणि तोपर्यंत एकच संघ अपराजित होता. त्यांना मी निळे म्हणते. कोच जुने, नावाजलेले. त्यांना सगळेच 'सर' म्हणतात, रेफरीसुद्धा. सरांचा खेळ म्हणजे शिस्तीचा हाफ कोर्ट. बॉल आणायचा, सेट म्हणजे ठरलेली रचना लावायची, उंच सेंटरला आत द्यायचा, त्याच्यावर दुसरा डिफेंडर धावला की बाहेर मोकळ्या शूटरला. चार-पाच पास झाल्याशिवाय शॉट नाही. खरं सांगते, इतकं सुबक आक्रमण आमच्या लीगमध्ये दुसऱ्या कुणाचं नव्हतं. पण त्यांची आधीची शीटं मीच लिहिली होती. नावं बारा, फुल्या कधी सहा, कधी सात. खालचे पाच चौकोन पहिल्या सामन्यापासून कोरे होते. वीस गुणांनी पुढे असतानासुद्धा शेवटच्या मिनिटापर्यंत तेच पाच कोर्टवर.

हिशेब साधा आहे. चाळीस मिनिटं गुणिले पाच, म्हणजे एका संघाला एका सामन्यात 200 मिनिटं वाटायची असतात. सहाजणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला तेहेतीसच्या वर येतात, दहाजणांत वाटली तर वीस. व्यावसायिक खेळाडूला तेहेतीस मिनिटं झेपतात. दिवसभर ऑफिस किंवा कॉलेज करून चर्चगेट नाहीतर सीएसएमटीहून धक्के खात आलेल्या मुलाला ती एखाद्या संध्याकाळी झेपतील, अख्खा मोसम नाही झेपणार.

त्या दिवशी समोर पिवळे होते. तक्त्यात मधेच कुठेतरी. कोच बाई, मुलं त्यांना 'ताई' म्हणतात. उंची कमी, पाय जलद. नागपाड्याच्या सिमेंटवर असा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. 1970 चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर त्याच मोहल्ल्यातले. ताई दहाजणांना फिरवायच्या. चार-साडेचार मिनिटं झाली की तीन-तीन मुलं एकदम टेबलपुढे हजर, "मॅडम, चेंज!" आणि पूर्ण कोर्टभर प्रेस, म्हणजे समोरच्याला त्याच्याच अर्ध्यापासून अंगावर जाऊन अडवायचं. त्यांच्या सामन्याला बसलं की माझं मनगट दुखतं.

यादी आली तेव्हा निळ्यांची नेहमीसारखी बारा नावं. यादीतला खेळाडू उशिरा आला तरी खेळू शकतो, त्यामुळे नावं लिहायला कोच हात आखडत नाहीत. मी बेंचकडे पाहिलं, तर वॉर्मअपला मुलं सात.

"सर, बाकीचे?"

"येतील. ट्रॅफिक असेल."

कोणी येणार नव्हतं हे मला माहीत होतं. न येणाऱ्यांपैकी एकजण आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एका मैदानावर थ्री बाय थ्री खेळताना भेटला होता. "मॅडम, इथे चारच जण असतात, त्यामुळे खेळायला मिळतंच," म्हणाला. "तिकडे शीटवर नाव असतं. घरी किती दिवस सांगणार की मॅच होती म्हणून?" आणखी एकाची सेमिस्टर आली होती, एकाने संध्याकाळची शिफ्ट घेतली होती. कुणी भांडलं नाही, कुणी राजीनामा दिला नाही. एकेकाने येणं सोडलं, आणि निळे जिंकत होते म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिला क्वार्टर एकतर्फी झाला. 24–9. ताईंच्या प्रेसमधून निळ्यांचा सात नंबरचा पॉइंट गार्ड लोण्यातून सुरी जावी तसा निघत होता. समोर दोन आले की डोक्यावरून मधे पास, आणि पुढे निळे तीन, पिवळे दोन. पिवळ्यांचे फाउल मात्र भराभर चढत होते. पाचव्या टीम फाउलपासून समोरच्याला दोन फ्री थ्रो, त्यामुळे असा प्रेस फुकट पडत नाही. प्रेक्षकांतले एक काका "ताई, झोनमध्ये जा, झोन!" असं ओरडत होते, म्हणजे प्रेस सोडा, मागे येऊन आपापली जागा राखा. ताईंनी ऐकलं नाही. त्या फक्त मुलं बदलत राहिल्या.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये निळ्यांचा सहावा खेळाडू रिबाउंडवरून उतरताना कुणाच्या तरी बुटावर आला. घोटा मुरगळला. बर्फाची पिशवी, पाय वर, त्याचा दिवस संपला. त्याच्या जागी तेरा नंबर उठला. अजून न उतरलेला तो एकटाच उरला होता. बदल खेळाडूनेच टेबलकडे येऊन मागायचा असतो, कोचने नाही. पोरगा आला, जॅकेट काढलं, टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसला, लेस सोडून पुन्हा बांधली. "चेंज, मॅडम," म्हणतानाच आवाज चिरकला. तेवढ्यात मागून सर: "थांब, थांब. बस तू." विश्रांतीसाठी दोनच मिनिटं आधी बाहेर आलेला स्टार्टर परत आत गेला. तेराने जॅकेट पुन्हा घातलं. माझं पेन हातातच राहिलं.

हाफ टाइमला 39–30.

प्रेस म्हणजे बॉल चोरणं असं बऱ्याच जणांना वाटतं. त्या दिवशी माझ्या शेजारी शॉट क्लॉकवर बसलेल्या मुलाला मी सांगितलं, बॉल सोड, घड्याळ बघ. आक्रमणाला 24 सेकंद. त्यातल्या आठ सेकंदांत बॉल अर्धी रेषा ओलांडायला हवा. पहिल्या क्वार्टरमध्ये निळे चार सेकंदांत पुढे येत होते, म्हणजे सेट लावायला वीस उरत. तिसऱ्या क्वार्टरमध्ये दोन वेळा शिट्टी वाजली, आठ सेकंद झाले म्हणून. बाकीच्या वेळी ते सातव्या सेकंदाला कसेबसे पोचायचे. उरले सतरा. धापा टाकत पोचलेला गार्ड त्यातले तीन बॉल नुसता हातात धरून उभा. सरांचा चार-पाच पासांचा सेट उरलेल्या वेळात बसतच नव्हता. मग क्लॉक दोनवर आलं की कुणीतरी वेडावाकडा शॉट मारायचा. ताईंनी फारसे बॉल चोरले नव्हते. दर वेळी सहा-सहा सेकंद मात्र चोरले, आणि सरांचा खेळ नेमका त्या सेकंदांवर उभा होता.

ताईंच्या बेंचची फार आरती करायला नको. त्यांच्या दुसऱ्या पाचातल्या निम्म्यांना ले-अप, म्हणजे रिंगजवळचा सोपा शॉटसुद्धा धड जमत नव्हता. एकाने अगदी मोकळा असताना बॉल बोर्डाच्या मागे मारला. नुसतं कसब पाहिलं तर निळ्यांचा तेरा नंबर त्यांच्या आठव्या-नवव्या खेळाडूपेक्षा सरसच असेल. फरक इतकाच की पिवळ्यांच्या आठव्या-नवव्याला पहिल्या सामन्यापासून माहीत होतं, आपल्याला आज उतरायचंय.

तिसऱ्या क्वार्टरच्या मध्याला सात नंबरचा चौथा फाउल. मी चारची पाटी उचलली. सर माझ्याकडे बघत राहिले, जणू पाटी खाली घेतली तर फाउलही कमी होईल. मग तेरा नंबर पुन्हा आला, आणि या वेळी कुणी थांबवलं नाही. त्याच्या चौकोनात मी लाल फुली मारली. मोसमातली त्याची पहिली. पहिल्याच बॉलला तो अर्ध्या रेषेजवळच्या कोपऱ्यात दोघांत अडकला आणि पास थेट प्रेक्षकांत. बेंचकडून शब्द आले ते इथे लिहीत नाही. पण तो हळूहळू सावरला. क्वार्टर संपला तेव्हा 53–50, निळे अजून पुढेच.

चौथ्या क्वार्टरमध्ये सरांनी टाइमआउट घेतले, एकामागून एक. दुसऱ्या हाफमध्ये तीन मिळतात. पहिल्या दोनांत डावपेचाचं अक्षर नाही, पोरं गुडघ्यांवर हात ठेवून नुसती श्वास घेत होती. सहा मिनिटं बाकी असताना सात नंबरचा पाचवा फाउल, लाल आकड्याची पाटी, म्हणजे तो सामन्याबाहेर. आता कोर्टवर पाच, बेंचवर बर्फ लावलेला एक. सव्वादोन मिनिटं बाकी, स्कोअर 61–60. अकरा नंबर, तो उंच सेंटर, दमल्यामुळे पाय न हलवता नुसता हात घालून गेला. पाचवा. दोन्ही फ्री थ्रो आत. 61–62.

रेफरी सरांकडे वळले. "सब?"

सरांनी बेंचकडे पाहिलं. मुरगळलेल्या पायाचा मुलगा उठायला लागला, बूट पायात जाईना. सरांनी त्याला हातानेच बसवलं आणि म्हणाले, "चार."

नियम त्याला मुभा देतो. सुरू करायला पाच लागतात, पण खेळता खेळता संघ चारावर, तिनावर, अगदी दोनावरही चालू शकतो. एकच उरला तर मात्र सामना जातो. हे आम्हाला परीक्षेला पाठ असतं. प्रत्यक्षात पाहिलेले टेबलवाले कमी. गर्दीतून कुणीतरी हसलं, मग कुणी टाळी वाजवली, आणि सगळं मैदान निळ्यांच्या बाजूने झालं.

निळे दोन वर, दोन खाली असे चौकोनात उभे राहिले. एक माणूस जास्त म्हणजे कुणीतरी मोकळा असणारच. पिवळ्यांचा तो मोकळा मुलगा दोनदा चुकला. दुसऱ्या चुकीनंतर बॉल बाहेर उडाला, तेराने तो झेपावून घेतला, एकट्याने पळाला, ले-अप. 63–62. मी 63 वर तिरकी रेघ ओढली, आणि रेघ जरा लांब गेली हे कबूल.

पुढच्याच आक्रमणाला कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट पडला. मग निळ्यांचा शॉट रिंगवरून परतला, रिबाउंडला उंची नव्हती, फाउल करावा लागला, आणखी दोन फ्री थ्रो. 63–67.

शीट बंद करताना बेरीज केली. पहिल्या दहा मिनिटांत निळ्यांचे 24. दुसऱ्या हाफच्या वीस मिनिटांत मिळून तेवढेच, 24.

नंतर चहाच्या टपरीवर एका रेफरींनी अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या इंडियाना पेसर्सचं उदाहरण काढलं. 2019 मध्ये वरळीच्या डोममध्ये येऊन गेलेले तेच. 2024–25 च्या मोसमात पहिल्या 25 सामन्यांत 15 हरले, कोच रिक कार्लाइल यांनी वेग आणि बेंच सोडला नाही, शेवटी 50 विजय, 32 पराभव, आणि अंतिम फेरीत ओक्लाहोमा सिटीला सातव्या सामन्यापर्यंत खेचलं. उदाहरण चांगलं आहे. पण तिथल्या दहाव्या माणसाला बसण्याचा पगार मिळतो. आमच्या लीगमध्ये तो पदरचं तिकीट काढून बसायला येतो. म्हणून मिनिटं वाटणं हा आमच्याकडे डावपेच नंतर होतो, आधी हजेरीचा प्रश्न असतो. वीस गुणांची आघाडी असताना दिलेली चार मिनिटं त्या पोराला पुढच्या आठवड्यात मैदानावर आणतात.

हे सरांना कोण सांगणार? टेबलवाल्याने कोचला सल्ला द्यायचा नसतो. पण सही करायला आले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ तो रकाना बघितला. शीटचा मोबाइलवर फोटो काढला. मग म्हणाले, "मागच्या मॅचेसची शीटं असोसिएशनकडे असतात ना?"

"असतात सर. मागा, देतील."

पुढच्या फेरीलाही मीच होते. निळ्यांची मुलं नऊ. थ्री बाय थ्रीवाला काही परत आला नाही. तेरा नंबर सुरुवातीच्या पाचात. सात नंबर अजून धुसफुसत होता. दुसऱ्या क्वार्टरला सरांनी चक्क आठव्या खेळाडूला पाठवलं. तो माझ्यासमोर खुर्चीवर बसला, आणि मागून सर ओरडले, "आत गेल्या गेल्या हॉर्न्सचा सेट लाव!" त्याने मान डोलावली. मग माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "मॅडम, हॉर्न्समध्ये माझी जागा कुठली?"