चावीवाला कॅमेरा, 100 फूट फिल्म आणि घरातल्यांचे हट्ट

नागपूरच्या महाल भागातल्या मोठ्या काकांच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक चामड्याची पेटी होती, लहानपणी आम्हाला तिला हात लावायची बंदी होती आणि बंदी होती म्हणूनच सगळ्या भावंडांनी हात लावलेला होता. आत बोलेक्स एच-16 रिफ्लेक्स. स्वित्झर्लंडच्या पायार कंपनीचा, 16 एमएम फिल्मचा, चावी भरून चालणारा. काकांचा एक मित्र परदेशात स्थायिक झाला तेव्हा काकांकडे ठेवून गेला, तो परत न्यायला आलाच नाही. काकांनी त्यावर आयुष्यात किती रोल काढले विचाराल तर दोन. फिल्म परवडायची नाही. पण दर दिवाळीला पेटी उघडून पुसायचे, चावी अर्धी भरायचे, हळू स्पीडवर रिकामाच थोडा चालवायचे आणि स्प्रिंग पूर्ण उतरवून परत ठेवून द्यायचे. आमच्या एका भावानं एकदा आत फिल्म नसताना तो सेकंदाला 64 फ्रेमच्या स्पीडवर सोडला होता, त्या दिवशी काकांचा आवाज गांधीसागर तलावापर्यंत गेला असेल.

तर मार्चमध्ये काका म्हणाले, "घेऊन जा बे. माझं आता 81 चालू आहे, मी काय सिनेमा काढून राहिलो? पण चावी भरून ठेवू नको, स्प्रिंग बसते."

घेऊन आलो.

ज्यांनी असला कॅमेरा कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. ह्याला बॅटरी नाही, सेल नाही, वायर नाही. बाजूला एक दुमडता येणारी मोठी चावी असते, ती फिरवायची, आत घड्याळासारखी पण चांगली दणकट स्प्रिंग गुंडाळली जाते, मग समोरचं बटण दाबलं की टर्रर्र करत फिल्म पळायला लागते. पूर्ण चावीत 24 फ्रेम प्रति सेकंदाने साधारण 28 सेकंद. त्यानंतर तो थांबतो. तुमचा शॉट संपला असो की नसो, समोर कोणी रडत असो की हसत असो, थांबतो. एच-16 हे मॉडेल 1935 पासूनचं आणि लेन्समधूनच थेट बघता येणारा रिफ्लेक्स प्रकार 1956 पासूनचा, समोर तीन लेन्सची फिरती चकती. वजन असं की चुकून पायावर पडला तर कॅमेऱ्याला काही होणार नाही.

आता इतकी वर्षं न वापरलेला कॅमेरा म्हटल्यावर आधी टेस्ट रोल काढावा लागतो. आणि टेस्ट रोल म्हणजे खरं तर बोअर रोल. भिंतीवरचं घड्याळ, टेप लावून मोजलेल्या अंतरावरचा पेपर, एकच भिंत लेन्सचं भोक लहान-मोठं करून, म्हणजे वेगवेगळ्या अ‍ॅपर्चरला. त्यात काही सुंदर असायची गरजच नाही, उलट सुंदर काही दिसलं की तुम्ही त्याच्या प्रेमात पडता आणि फोकस चुकलाय हे मान्य करत नाही. हे मला सगळं माहीत होतं, वाचलेलं होतं, वहीत लिहून ठेवलेलं होतं.

पण 100 फुटाचा रोल घरी आला (किंमत बायकोला सांगितली नाही म्हणून इथेही सांगत नाही) आणि सगळा घोळ सुरू झाला. 16 एमएमच्या एका फुटात 40 फ्रेम, म्हणजे 100 फुटात 4000, म्हणजे 24 च्या स्पीडने 2 मिनिटं 46 सेकंद. बस. मोबाईलवर आपण ताटातल्या सांबारवडीचं ह्याहून मोठं शूटिंग करतो. आणि हा आकडा मी मूर्खासारखा जेवताना सगळ्यांसमोर बोलून गेलो.

पोरगी लगेच म्हणाली मला स्लो मोशन पाहिजे. बायको म्हणाली माझ्या मोगऱ्याचा एक शॉट घे, काय जातं. आणि काकांना फोनवर सांगितलं तर काका म्हणाले, "मी गेटातून स्कूटर काढतो, ते घे. मस्त दिसते ते." म्हटलं काका हा टेस्ट रोल आहे. तर म्हणे, "तं स्कूटरची पण टेस्ट होऊन जाईल." वरून सल्ला दिला की 24 वर कायले चालवतो, 16 वर चालव, 4 मिनिटं होतील. बरोबर आहे त्यांचं, 16 वर 4 मिनिटं 10 सेकंद होतात, पण मला 24 चा स्पीडच तपासायचा होता. शेवटी वहीत रेशनसारखे सेकंद वाटले. घड्याळ 15, फोकस 45, एक्स्पोजर 20, बाहेरचं काहीतरी 25. पोरीला 64 च्या स्पीडचे 5 सेकंद, जे फिल्मच्या हिशोबात 13 सेकंद खातात हे तिला सांगितलं नाही. उरलेल्यातून काका. मोगरा कटाप. दोन दिवस भाजीला मीठ कमी होतं.

फिल्म कृष्णधवल घेतली, डबल-एक्स, 1959 पासून चालत आलेला स्टॉक. कारण हा घरी धुता येतो, रंगीत सिनेमा निगेटिव्हच्या मागे बऱ्याचदा एक काळा थर असतो त्याची भानगड घरच्या बाथरूममध्ये नको. पण उन्हात ह्याचा स्पीड, म्हणजे उजेड पकडायची ताकद, 250 आणि महिना एप्रिल आणि गाव नागपूर. गणित असं: कडक उन्हात 250 च्या फिल्मला एफ-16 ला (हा भोकाचा आकडा, जितका मोठा तितकं भोक लहान) 1/250 सेकंद लागतो. कॅमेऱ्याचा शटर 24 ला साधारण 1/65, त्यात रिफ्लेक्स प्रिझम थोडा उजेड स्वतः पिऊन टाकतो म्हणून मीटरवर 1/80 धरायचं. म्हणजे दीड स्टॉपहून जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा) उजेड होतोय आणि माझी 25 एमएमची लेन्स एफ-22 च्या पुढे बंद होत नाही. वाचवलं काकांच्या पेटीतल्या पिवळ्या फिल्टरने. तो एक स्टॉप खातो आणि वरून आकाश जरा गडद करतो. नाहीतर आपलं एप्रिलचं आकाश म्हणजे स्टीलचं ताट.

दुसरी भानगड जास्त गंभीर. ह्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे जिलेटिन फिल्टर सरकवायची एक बारीक फट असते आणि त्यात फिल्टर नसला तरी त्याची रिकामी पट्टी घालून ठेवावीच लागते, नाहीतर तिथून उजेड आत शिरतो. ती पट्टी काकांकडून 1980 च्या आसपास हरवली. मी काळी टेप लावली. टेप लावताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हे लक्षात ठेवा.

घड्याळाचा शॉट घरातच, खिडकीशी. हा सगळ्यात बोअर आणि सगळ्यात कामाचा. सेकंदकाटा दिसेल असं घड्याळ 15 सेकंद शूट करायचं आणि नंतर फिल्मवर 10 सेकंदात किती फ्रेम पडल्या ते मोजायचं. 240 पडल्या तर कॅमेरा खरा. मग फोकस, गच्चीवर, पेपर खिळ्याला टांगून, 4 फूट, 8 फूट, 15 फूट, तिन्ही लेन्स. सकाळी सव्वासातला गच्चीची फरशी चटका द्यायला लागली होती. शेजारचे आजोबा कूलरच्या टाकीत पाणी भरता भरता विचारत होते, "काऊन बे, पेपरचा सिनेमा काढून राहिला का?" हव म्हटलं, काय सांगणार.

पोरीचा शॉट म्हणजे कूलरचा पाइप डोक्यावर धरून उडी. मजा आली, वाद नाही.

बाहेरच्या शॉटसाठी झीरो माइलला, अंतरं मोजण्यासाठीच्या जुन्या खांबापाशी, गेलो. लेन्सचं इन्फिनिटी, म्हणजे अगदी लांबचा फोकस, बरोबर आहे का बघायचं होतं आणि अंतर मोजायच्या गोष्टीसाठी ह्या गावात दुसरी कुठली जागा शोभते. तो दगडी खांब, ते चार घोडे, मागे मेट्रोचं बांधकाम, जुनं-नवं एका फ्रेममध्ये वगैरे. बघा, झालं ना सुरू, सुंदर दिसायला लागलं. चावी भरली, शॉट चालू केला आणि 10-12 सेकंदात मागून आवाज, "ओ भाऊ, काय आहे हे, परमिशन आहे का?" म्हटलं जुना कॅमेरा आहे, फिल्मचा. "रीळ टाकता का?" आता ह्या प्रश्नाचं उत्तर हो पण आहे आणि नाही पण. त्यांना व्ह्यूफाइंडरमधून बघायला दिलं, चावी फिरवून दाखवली, ते खूष, मी खूष, फक्त ह्या गडबडीत कॅमेऱ्याचं बटण कंटिन्युअसवर अडकलेलं होतं आणि तो माझ्या बॅगेत जाऊनही 15 सेकंद इमानदारीत टर्रर्र करत होता. बॅगेच्या आतल्या अंधाराची 9 फूट फिल्म आहे आता माझ्याकडे.

उरले 33 सेकंद. पहिला विचार आला की हे एक्स्पोजरच्या फेरटेस्टला ठेवावेत. पण काका इस्त्रीचा शर्ट घालून गेटापाशी उभे होते.

दोन-स्ट्रोक स्कूटर, कॅमेऱ्याहून वयाने थोडी लहान. मी पूर्ण चावी भरली, हाताने खूण केली, बटण दाबलं. काकांनी कॅमेऱ्याकडे बघून एक स्मितहास्य केलं (3 सेकंद गेले), किक मारली. नाही. दुसरी. नाही. चोक ओढला. तिसरी, चौथी. मग त्यांनी स्कूटर आपल्याकडे वाकवली, आडवी, जशी आपल्या सगळ्यांच्या बापांनी वाकवलेली आहे तशी, आणि परत उभी केली. हे होईपर्यंत 15 सेकंद. कॅमेऱ्याच्या आवाजातून चावी संपत आल्याचं कळतंय असं मला वाटत होतं, खरं तर ह्याचा आवाज शेवटपर्यंत एकसारखाच असतो, स्पीड एकसारखा ठेवणारा गव्हर्नर असतो आत. सातवी किक. आठवी. काकू आतून ओरडल्या, "अहो, पेट्रोलचा कॉक!" नववी. कॅमेरा थांबला. टक्.

दहावीला स्कूटर लागली.

काका गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळून आले, हात वगैरे केला. मी पण डोळ्याला कॅमेरा लावूनच उभा होतो, म्हटलं आता काय खाली घ्यायचा.

धुण्याचं थोडक्यात सांगतो. रात्री 11 नंतर बाथरूम, दाराखाली टॉवेल, आणि गीझरच्या बटणातला लाल दिवा टेप लावून बंद, कारण ह्या फिल्मला लाल उजेडही दिसतो. मोठी टाकी नाही म्हणून बादलीतच, अंधारात फिल्म मोकळी सोडून हाताने ढवळायची, ओरखडे येतात, डाग येतात, टेस्टला चालतं. खरा त्रास पाण्याचा. डेव्हलपर (फिल्म धुवायचं रसायन) 20 डिग्रीला पाहिजे आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी रात्री 11 ला सुद्धा चहाला चालेल असं. शेवटी माठातलं पाणी घेतलं, थोडा बर्फ टाकला, बरोबर 20 आलं. थर्मामीटर बघून मला माठाबद्दल जो आदर वाटला तो आयुष्यात वाटला नव्हता. सकाळी घरात प्यायला गार पाणी नव्हतं आणि बेडरूममध्ये दोरीवर 100 फूट निगेटिव्ह लटकत होती, मिठाचं प्रकरण परत उघडलं.

आता रिझल्ट. घड्याळ: 10 सेकंदात 228 फ्रेम, म्हणजे 22.8 चा स्पीड, 5 टक्के हळू. आतलं ग्रीस म्हातारं झालंय, उघडून साफ करावं लागेल. फोकस: 25 आणि 75 ठीक, 10 एमएमची लेन्स 4 फुटाला मागे जातेय. 8 फुटाचे सगळे शॉट एक स्टॉप काळे, कारण बाजूचा व्हेरिएबल शटरचा (शटर कमी-जास्त उघडायचा) दांडा माझ्याकडून अर्धा बंद राहिला होता, कॅमेऱ्याची चूक नाही. फ्रेम मात्र दगडासारखी स्थिर, ते बघून खरंच भारी वाटलं. आणि झीरो माइलपासून पुढे फ्रेमच्या कडेला पांढरा झोत येतो-जातो. टेप. उन्हात गोंद पातळ झाला आणि टेप सरकली.

फाळक्यांनी 1912 ला लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला तेव्हा त्यांनी पण आधी टेस्टच केली होती, कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडं थोडं शूट करत रोप वाढताना दाखवलं, आणि ते बघून पैसे लावणारा माणूस तयार झाला. माझी टेस्ट बघून बायकोनं विचारलं की मोगरा का नाही.

स्कॅनर नाही, म्हणून स्कूटरचा शॉट डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्सने एकेक फ्रेम काढून जोडला, एका चावीचे 660 फोटो, दोन रात्री. कॉम्प्युटरवर निगेटिव्हचं पॉझिटिव्ह केलं आणि रविवारी तर्री-पोहे घेऊन काकांकडे गेलो, टीव्हीला लावलं. स्पीड कमी पडल्यामुळे पडद्यावर सगळं जरा घाईत होतं, काका टकाटक किका मारताहेत, स्कूटर वाकवताहेत, एकदम जुन्या मूकपटासारखे. काकू हसून हसून खाली बसल्या. काका हसले नाहीत. म्हणाले, शेवट परत लाव. परत लावला. "थांबव. हे काय आहे?"

शेवटच्या 9 फ्रेममध्ये सायलेन्सरच्या बाजूला पांढरं काहीतरी आहे.

"धूर आहे. नवव्या किकलाच लागली होती, तुझ्या मशीननं सोडलं मधातच."

म्हटलं काका तो टेपचा लाइट लीक आहे, झीरो माइलच्या शॉटमध्ये पण तसाच आहे, त्याच कोपऱ्यात.

"तं झीरो माइलला पण कोणाची तरी गाडी लागली असंल."

तीन रविवार झाले, विषय मिटलेला नाही. मी त्या 9 फ्रेम मोठ्या करून पाहिल्या आणि आता मलाही खात्री नाही, लीक असा खालून वर जात नाही. फिल्टरच्या फटीची ती हरवलेली पट्टी एका ओळखीच्या खरादवाल्याकडून पितळेची करून घेतोय. ग्रीसचं बघायला कॅमेरा उघडायचाय, काकांनी स्क्रू ड्रायव्हरचा सेट काढून ठेवलाय आणि स्कूटर पण सर्व्हिसिंगला टाकलीय.