शार्क पोहायचा थांबला तर मरतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून आधी थेट उत्तर: काही शार्क मरतात, बहुतेक मरत नाहीत. शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. सतत पोहल्याशिवाय ज्यांचं भागतच नाही, अशा त्यांत जेमतेम दोन डझन. पांढरा शार्क आणि माको त्यांतलेच, आणि पडद्यावर नेमके तेच झळकतात. गैरसमज पसरला तो त्यामुळे.

कल्ल्यांवरून पाणी वाहतं राहिलं पाहिजे, एवढीच खरी अट. तळाशी पडलेल्या नर्स शार्ककडे नीट बघा. जबडा किंचित उघडतो, घसा खाली जातो, पाणी आत येतं. मग तोंड मिटतं, घसा वर दाबला जातो आणि कल्ल्यांच्या पाचही फटी एकदम फडफडतात. शेपटी ढिम्म. एंजल शार्क तर वाळूत अंग पुरून बसतो. तो डोळ्यांमागच्या दोन छिद्रांतून पाणी घेतो. चपट्या पाकट माशाचंही तसंच.

माकोकडे घशाचा असा दमदार पंप नाही. तोंड अर्धवट उघडं ठेवून तो पुढे सरकतो, तेव्हाच कल्ल्यांना पाणी मिळतं. जाळ्यात अडकला की म्हणूनच गुदमरतो. गळाला लागलेला शार्क सोडतानाही शेपटीला धरून मागे ओढू नये, पाणी कल्ल्यांत उलटं शिरतं. त्याचं तोंड प्रवाहाकडे करावं.

पडून राहणं म्हणजे झोपणंच, असंही नाही. मेक्सिकोतल्या इस्ला मुहेरेसजवळच्या गुहेत निश्चल पडलेले रीफ शार्क १९७०च्या दशकात सागरी जीवशास्त्रज्ञ युजिनी क्लार्क यांनी अभ्यासले; त्या शार्कचे डोळे पाण्यात उतरलेल्या माणसांचा माग काढत होते! उलट न्यूझीलंडमधल्या ड्राफ्ट्सबोर्ड शार्कवरचा २०२२चा अभ्यास सांगतो, की पाच मिनिटांहून जास्त निश्चल राहिल्यावर त्यांचा ऑक्सिजनचा खर्च घटतो. ती खरी झोप, मग डोळे उघडे का असेनात.

सतत पोहणाऱ्यांना आणखी एक अडचण असते. शार्कला तरंगत ठेवणारी हवेची पिशवी नसते; तेलकट यकृतामुळे वजन थोडं हलकं होतं, तरी थांबला की तो हळूहळू बुडतो. फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावाच्या खाडीत ग्रे रीफ शार्क यावर तोडगा काढतात. ते वर उसळणाऱ्या प्रवाहावर अंग टाकतात, शेपटी नावापुरती हलवतात, प्रवाहाच्या टोकाला पोचले की तळालगत परत फिरतात आणि पुन्हा रांगेत लागतात.