पुण्याला पसंतीक्रम शिकवायचा तर

15 जानेवारी 2026 ला महापालिकेच्या निवडणुकीत मी मतदान केंद्रावर ड्यूटीला होते. चार सदस्यांचा प्रभाग, म्हणजे माणशी चार मतं: अ, ब, क, ड. "आजी, थांबा, अजून तीन राहिली" हे वाक्य दिवसभर माझ्या तोंडी होतं. ओळखीच्या चिन्हासमोरचं एक बटण दाबून लोक निघायचे, बझर वाजायचा नाही, की पुन्हा आत बोलवायचं. दुपारनंतर मात्र रांगेतलेच लोक एकमेकांना समजावून सांगायला लागले. ज्या शहराने 2007 साली एक, 2012 साली दोन आणि 2017 पासून चार नगरसेवकांचे प्रभाग पचवले, त्याला पसंतीक्रमाचं, म्हणजे उमेदवारांना 1, 2, 3 असे आकडे देण्याचं मतदानही जमेल, असं मला मनापासून वाटतं. पण शिकवायला हवं, आणि आतापासून.

हवं कशाला? आज अ, ब, क, ड या चारही जागांचा निकाल वेगवेगळा लागतो. प्रभागात 40 टक्के मतं असलेला पक्ष, विरोधातली मतं विभागली की, चारही जागा घेऊन जाऊ शकतो. उरलेल्या 60 टक्के लोकांचा एकही नगरसेवक नाही. ड्रेनेज तुंबलं तर त्यांनी कुणाकडे जायचं? पसंतीक्रमात कागद एकच. त्यावर 1, 2, 3 असे आकडे टाकायचे. चार जागा असतील तर वैध मतांच्या एक पंचमांशाहून जास्त मतं मिळवणारा निवडून येतो. त्याची जादा मतं कमी केलेल्या मूल्याने, म्हणजे अख्खं मत न धरता त्याचा काही भाग धरून, पुढच्या पसंतीकडे जातात, आणि तळाचा उमेदवार बाद झाला की त्याचीही मतं पुढे सरकतात. स्कॉटलंडच्या स्थानिक संस्थांत 2007 पासून असंच चालतं. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने 2022 मध्ये हे स्वीकारलं आणि 2024 मध्ये तीन-तीन सदस्यांच्या चार विभागांतून नगरसेवक निवडले.

आपल्याकडेही हे नवं नाही. राष्ट्रपती असेच निवडले जातात, राज्यसभेचे खासदारही. विधान परिषदेच्या पुणे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत आपण स्वतः आकडे लिहितो. 1 डिसेंबर 2020 ला मास्क लावून, केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने मी ते लिहिले. पदवीधरच्या मतपत्रिकेवर 60हून अधिक नावं होती. तिथे पदवी घेतलेल्या माणसांचीही मतं बाद होतात: कुणी बरोबरची खूण करतं, कुणी 'एक' असं अक्षरात लिहितं, कुणी सही ठोकतं. पदवीधरांची ही गत, तर सगळ्या शहराला दोन-चार फ्लेक्स लावून हे समजेल अशी आशा मी धरणार नाही. सराव हवा, कागद हातात घेऊन.

तो मी माझ्या नववीच्या वर्गात घेतला. विषय सहलीचा. राजगड, कार्ला लेणी, सिंहगड, भीमाशंकर. 48 कागद आले, दोन बाद: एकावर नुसती टिक, दुसऱ्यावर दोन ठिकाणी 1. उरले 46. ठिकाण एकच निवडायचं, म्हणून जिंकायला निम्म्याहून जास्त, म्हणजे 24 हवीत. टेबलावर चार टोपल्या मांडल्या आणि मुलांनाच मोजायला लावलं. राजगड 17, कार्ला 12, सिंहगड 10, भीमाशंकर 7. भीमाशंकरची टोपली उपडी केली, प्रत्येक कागदावरचा 2 मोठ्याने वाचला आणि कागद त्या त्या टोपलीत टाकला. राजगड 18, कार्ला 16, सिंहगड 12. मग सिंहगड बाद. त्यातले आठ कार्ल्याला, तीन राजगडला, आणि एकावर पुढचा आकडाच नव्हता. कार्ला 24, राजगड 21.

राजगडवाले उसळले. "बाई, पहिल्यांदा आमचे जास्त होते ना!"

मी म्हटलं, "होते. पण 46 पैकी 29 जणांची पहिली पसंती राजगड नव्हती. त्यांना पुढे काय हवं होतं, ते आपण आत्ता सगळ्यांसमोर वाचलं."

एक जण स्वतः उठून पुन्हा मोजायला आला. आकडा तोच निघाला, मग बसला. शहरातही हेच व्हायला हवं. हरलेल्याच्या माणसाला प्रत्येक फेरी पाहता आली पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये 2021 साली पसंतीक्रमाच्याच मोजणीत चाचणीसाठीची सुमारे 1,35,000 मतं चुकून आकडेवारीत तशीच राहिली आणि निकाल मागे घेऊन पुन्हा जाहीर करावा लागला. पद्धत बरोबर होती, पण तयारी कच्ची राहिली. आपल्याकडे रंगीत तालीम व्हावी, तीही पक्षांच्या प्रतिनिधींसमोर, आणि फेरीनिहाय तक्ते पंधराही क्षेत्रीय कार्यालयांच्या फलकांवर लागावेत.

खरी परीक्षा आमच्या शाळेतल्या मावशींनी घेतली. त्या जनता वसाहतीत राहतात. चिन्हं काढलेली नमुना मतपत्रिका त्यांनी नीट पाहिली आणि विचारलं, "बाई, दुसऱ्याला दोन नंबर दिला तर माझ्या पहिल्याचं मत कमी होतं का?"

नाही, मावशी. तुमचा पहिला जोवर रिंगणात आहे, तोवर दुसऱ्या आकड्याकडे कुणी बघतही नाही. तो बाद झाला, किंवा निवडून येऊन त्याची मतं उरली, तरच बघतात. या एका प्रश्नाचं उत्तर घरोघरी पोचलं तर अर्धं काम झालं, कारण प्रचारात उलटंच सांगितलं जाईल: फक्त एक नंबर टाका, बाकी कोरं सोडा. तसं मत बाद होत नाही हे खरं, पण उमेदवार बाद झाला की ते तिथेच थांबतं.

यंत्राचं म्हणाल तर सध्याचं ईव्हीएम पसंती नोंदवू शकत नाही. मला कागदच बरा वाटतो: प्रत्येक चिन्हासमोर 1 ते 6 आकड्यांचे सहा गोल, आपल्या पसंतीचा काळा करायचा, यंत्राने वाचायचा. पाचवी-आठवीच्या स्कॉलरशिपला बसलेल्या प्रत्येक घराला हे गोल माहीत आहेत.

सगळ्यात अवघड प्रश्न आरक्षणाचा. आज अ, ब, क, ड यांपैकी कोणती जागा कुणासाठी राखीव, हे आधीच ठरलेलं असतं. निम्म्या जागा महिलांच्या, आणि त्यात एका जागेचीही काटछाट मला मान्य नाही. कागद एकच झाला तर मोजणीत नियम हवा: राखीव जागा भरायला जेवढे उमेदवार लागतात, तेवढे उरले की त्यांना बाद करायचं नाही. हा नियम कायद्याच्या भाषेत चोख लिहिला गेला नाही तर पहिल्याच निवडणुकीत प्रकरण उच्च न्यायालयात जाईल, म्हणून जाणकार वकिलांनी आणि आरक्षणातून निवडून आलेल्या नगरसेविकांनी एकत्र बसून तो लिहावा.

यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. प्रभाग एकाचा की चारचा, हे विधिमंडळानेच कायदा बदलून ठरवलं. मतदानाची पद्धतही तिथेच ठरू शकते. पुढची निवडणूक वेळेवर झाली तर 2031 मध्ये. त्याआधी पुण्यातल्या आमदारांकडे मागणी जायला हवी, आणि तोवर मंडळाचा अध्यक्ष, सोसायटीची कमिटी, वर्गाचा मॉनिटर आकडे लिहून निवडायला हवेत. येत्या गणेशोत्सवात आमच्या पेठेतल्या दोन मंडळांनी कार्यकारिणी अशी निवडायचं कबूल केलंय. मोजणीला टोपल्या घेऊन माझी नववीची मुलं जाणार आहेत.