काडेपेटीतला रुपया

सुट्या पैशांत एक रुपया आला, कडेची कोर उडालेला. साल १९९८, खाली हिऱ्याची खूण, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीतला. टांकसाळीत चुकलेलं नाणं हौशी लोक भलत्या किमतीला घेतात, एवढं ऐकून होतो. मी तो काडेपेटीत कापसावर निजवला आणि बायकोला म्हटलं, नव्या फ्रीजचं बघू या.

एका नाणेप्रदर्शनात ओळखीच्या संग्राहक काकांना दाखवला. त्यांनी उडालेल्या कोरीकडे जेमतेम पाहिलं. भिंग लावलं ते बरोबर समोरच्या कडेला. ‘इथली कड बसकी हवी होती,’ म्हणाले. चकत्या पाडताना पत्रा पुरेसा सरकला नाही, की ठोसा आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीची कोर जाते. पुढे कड उचलणाऱ्या यंत्रात त्या तुटक्या जागी दाब बसत नाही, म्हणून समोरची कडही धड उभी राहत नाही. माझ्या रुपयाची कड तर नव्या हवालदारासारखी ताठ! शिवाय कापल्या जागी कानशीच्या रेघा. ‘कुणीतरी निवांत बसून केलंय,’ असं म्हणून काकांनी चहा मागवला.

चहाबरोबर शिकवणीही झाली. साच्याला तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो, म्हणून नाण्यावर रेघ उठून येते. ओरखडा आत जातो. नख फिरवलं की कळतं. ठोकलेलं नाणं साच्यातच अडकून राहिलं, तर पुढच्या चकतीवर त्याचा ठसा उलटा आणि खोलगट उमटतो. हेच दोन नाणी शिकंज्यात दाबून घरी करणारे महाभागही आहेत. पण मग दुसऱ्या बाजूची नक्षी चेपते आणि बिंग फुटतं.

लहानपणी आम्ही रुळावर दहा पैसे ठेवून त्यांचा पापड करायचो. तो पापड आज कुणी ‘दुर्मीळ’ म्हणून विकायला काढला, तरी मला नवल वाटायचं नाही.

काडेपेटी घरी परत आली. बायकोने फ्रीजचं नाव काढलं नाही. परवा रिमोटचं झाकण अडकलं, तेव्हा तिने कापसावरून रुपया उचलला, झाकण उघडलं, सेल बदलले. कानसलेला कोपरा फटीत अगदी नेमका बसतो.